पदवी झाली, आता शिकायचं कसं? नव्या स्पीच थेरपिस्टसाठी पहिल्या पाच वर्षांची वाट

नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात वॉर्डातून सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, सहा नंबरच्या आजोबांना ताक दिलं की ठसका लागतोय. जरा येऊन बघता का?" लकव्याचा झटका येऊन गेलेले आजोबा, शेजारी सून, तिच्या हातात ताकाचा पेला. डिस्फेजियाच्या, म्हणजे गिळण्याच्या त्रासाच्या पेपरात मला चांगले मार्क होते, गिळण्याच्या अवस्था तोंडपाठ होत्या. सुनेने विचारलं, "मग ताक किती घट्ट करू?" मी म्हणाले, "थोडं घट्ट करा." थोडं म्हणजे किती, हे तिला कळलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही.

पदवीनंतरच्या शिक्षणाबद्दल नवे थेरपिस्ट विचारतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा पॉइंटचा असतो, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी कार्यक्रमांतून जमवायच्या गुणांचा. किती लागतात, कुठे स्वस्तात मिळतात, ऑनलाइन चालतात का. पॉइंट लागतातच, ते कसे जमवायचे हे खाली सांगते. पण माझ्या मते क्रम उलटा हवा. आपल्या ओपीडीत काय अडतंय ते आधी बघायचं, त्यानुसार शिकायचं, आणि त्या वाटेवर पॉइंट गोळा करायचे. बीएएसएलपी, म्हणजे वाक्-श्रवणाची पदवी, किंवा एमएससी करून नुकतेच कामाला लागलेल्यांसाठी ही वाट पायरी-पायरीने मांडते आहे.

पायरी १: नोंदणी आणि तारीख

आपला व्यवसाय भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या अखत्यारीत येतो. परिषदेचा कायदा १९९२ चा, आणि वैधानिक संस्था म्हणून ती २२ जून १९९३ पासून काम करते आहे. केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाची रक्कम वाचून हसू येईल, पण नोंदणी संपलेल्या माणसाचा अहवाल शाळेने किंवा विमा कंपनीने परत पाठवला की ते हसू जातं.

नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणासाठी सीआरई, म्हणजे परिषदेने मान्यता दिलेल्या निरंतर पुनर्वास शिक्षण कार्यक्रमांचे पॉइंट दाखवावे लागतात. 'पाच वर्षांत शंभर' हे गणित या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी आहे. ते धरून आखणी करायला हरकत नाही, मात्र सीनिअरने कँटीनमध्ये सांगितलेला नियम प्रमाण मानू नका. परिषद परिपत्रकं काढते आणि तपशील बदलतात. वर्षातून एकदा, समजा वाढदिवसाच्या आठवड्यात, पोर्टलवर जाऊन ताजं परिपत्रक वाचायचं आणि आपल्या खात्यात जमा झालेले पॉइंट तपासायचे.

आज करायच्या दोन गोष्टी. एक, प्रमाणपत्र संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि त्याच्या सहा महिने आधीची आठवण लावा. दोन, पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि ईमेल तपासा. कॉलेजात असताना दिलेला नंबर बंद झालेला असतो आणि ओटीपी त्याच नंबरवर जात राहतो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर तेही वेळेत उरकून घ्या. शेवटच्या महिन्यात नावाचा घोळ निस्तरणं म्हणजे डोक्याला ताप.

पायरी २: अडलेल्या केसची वही

साधी शंभर पानी वही आणा. ओपीडीच्या टेबलावर ठेवा. ज्या केसमध्ये आपण अडलो ती रोज संध्याकाळी दोन ओळींत लिहायची. रुग्णाचं नाव लिहायचं नाही. वय, तक्रार, आणि नेमकं कुठे अडलो तेवढंच.

माझ्या पहिल्या वर्षातल्या नोंदी अशा असायच्या: 'साडेतीन वर्षांचा मुलगा, गाडीचं चाक फिरवतो, हाक मारली की बघत नाही. आई म्हणते, मोबाइलमुळे झालंय का? काय उत्तर द्यावं?' 'शिक्षिका, ४१, दुपारपर्यंत आवाज बसतो. आवाजाची विश्रांती घ्या म्हणाले. ती म्हणाली, मॅडम, आठ तास आहेत.' 'मुलगा, ५, अडखळतो. आजी म्हणते तोतरा, वडील म्हणतात बोबडा. केस हिस्टरीत कुणाचा शब्द लिहू?'

शेवटची नोंद गंमतीची वाटेल, पण तीही शिक्षणाचीच बाब आहे. आपल्याकडे बोबडं म्हणजे उच्चार स्पष्ट नसलेलं आणि तोतरं म्हणजे अडखळणारं, असा ढोबळ फरक आहे. घरोघरी मात्र दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. 'तुमच्या बोलण्यात तोतरं म्हणजे नेमकं काय? जरा करून दाखवा,' असं विचारायला मला कुठल्याही पेपरात शिकवलं नव्हतं.

तीन महिन्यांनी वही उघडा आणि नोंदींचे गट पाडा. तालुक्याच्या ठिकाणी असाल तर बहुधा उशिरा बोलणारी मुलं आणि स्वमग्नतेची शंका यांनीच निम्मी पानं भरलेली दिसतील. मोठ्या रुग्णालयात असाल तर गिळण्याचा त्रास आणि अफेजिया, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषा अडणं. शाळेत असाल तर उच्चार, वाचन-लेखन, अडखळणं. ज्या गटाची पानं जास्त, तो तुमच्या वर्षाचा विषय. वर्षाला एकच मुख्य विषय घ्या. बाकीचं कानावर पडेल तेवढं पुरे.

दर वर्षी सगळ्यातलं थोडं थोडं शिकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची फाईल जाड होते आणि वही तशीच राहते.

पायरी ३: सीआरईचा ब्रोशर वाचायला शिका

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रोज एक रंगीत ब्रोशर येतो. नाव नोंदवण्याआधी पाच गोष्टी बघा.

आरसीआयची मान्यता स्पष्ट लिहिली आहे का, आणि पॉइंट किती? 'मान्यतेसाठी अर्ज केला आहे' असं बारीक अक्षरात असेल तर आयोजकांना फोन करा. हा कार्यक्रम तुमच्या नोंदणीच्या प्रकारासाठी आहे का? परिषदेकडे विशेष शिक्षक, मानसशास्त्रज्ञ अशा अनेकांची नोंदणी असते आणि प्रत्येक कार्यक्रम प्रत्येकासाठी नसतो. शिकवणारी व्यक्ती सध्या रुग्ण तपासते का? हाताने करून बघायला किती वेळ आहे? आणि एका वेळी किती लोक बसणार? गिळण्याच्या तपासणीची कार्यशाळा दीडशे लोकांच्या सभागृहात असेल तर ते व्याख्यान झालं, कार्यशाळा नव्हे.

चहा-नाश्त्यासकट मोफत मिळणाऱ्या, एखाद्या यंत्राच्या विक्रेत्याने भरवलेल्या सत्रांबद्दल माझं मत असं: जरूर जा, यंत्र नीट हाताळायला मिळतं. पण कुठल्या रुग्णाला ते लागत नाही, हे तिथे कुणी सांगणार नाही. ते दुसरीकडून शिकायचं.

महाराष्ट्रात जाण्याजोगी ठिकाणं सांगते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ पासूनची. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतल्या कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणसाधनाचं, समन्वयाचं काम हीच संस्था पाहते, त्यामुळे इम्प्लांटनंतरच्या थेरपीबद्दल शिकायचं असेल तर पहिली नजर तिच्या कार्यक्रमांवर ठेवा. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाचा वाक्-श्रवण विभाग जुना आहे आणि तिथे रुग्णांची विविधता अफाट. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिऑलॉजी व स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीचं महाविद्यालय आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, म्हणजे सगळे जिला 'आयिश' म्हणतात ती. १९६५ साली सुरू झालेल्या या संस्थेचं ग्रंथालय बघण्यासाठीसुद्धा एकदा जावं.

इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशन, म्हणजे 'इशा', दरवर्षी 'इशाकॉन' भरवते. पहिल्या परिषदेला जाताना सगळी सत्रं ऐकायचा हट्ट धरू नका. आपल्या वर्षाच्या विषयाची चार सत्रं निवडा, पोस्टरच्या दालनात निवांत फिरा, आणि ज्यांचं काम आवडलं त्यांना तिथेच गाठून एक प्रश्न विचारा. सभागृहात हात वर करायची लाज वाटते ना, पोस्टरपाशी वाटत नाही.

ऑनलाइन सीआरईने लातूर-गडचिरोलीच्या थेरपिस्टची मोठी सोय केली आहे. प्रवास नाही, रजा नाही. पण कॅमेरा बंद, कानात हेडफोन आणि हातात लाटणं, अशा अवस्थेत ऐकलेल्या सत्रातून मला आजवर एकही गोष्ट आठवत नाही. पॉइंट मात्र मिळाले! म्हणून मी स्वतःला एक नियम घातला: सिद्धांत, कायदा, संशोधनाचा आढावा हे ऑनलाइन. हाताने करायचं ते, म्हणजे गिळणं, आवाज, तोंडाच्या हालचालींची तपासणी, लहान मुलासोबतचं खेळणं, हे समोर बसून.

पायरी ४: शिकलेलं सोमवारी करून बघा

शनिवार-रविवारी कार्यशाळा झाली तर सोमवारी त्यातली निदान एक गोष्ट करून बघायची. नाहीतर नोट्स कपाटात जातात आणि परत निघत नाहीत. उदाहरण म्हणून त्या ताकाकडे परत येते.

गिळण्याचा त्रास असलेल्यांच्या अन्नासाठी 'इड्सी' नावाची आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धत आहे. ० ते ७ असे आठ स्तर. पेयं ० ते ४, खाणं ३ ते ७. पातळ पेय किती पातळ हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही, १० मिलीची सिरिंज लागते. दट्ट्या काढायचा, टोकाला बोट लावायचं, १० मिलीच्या रेषेपर्यंत पेय भरायचं, बोट सोडायचं आणि दहा सेकंद मोजायचे. मग आत किती उरलं ते बघायचं. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर स्तर ०. १ ते ४ मिली उरलं तर स्तर १. ४ ते ८ मिली उरलं तर स्तर २. ८ मिलीहून जास्त उरलं पण थोडं तरी गळलं तर स्तर ३. काहीच गळलं नाही तर ते स्तर ४ किंवा त्यापुढचं, आणि तिथे सिरिंज सोडून काटा-चमच्याच्या चाचण्या वापरायच्या.

यात एक मेख आहे. सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. शून्याच्या रेषेपासून १० मिलीच्या रेषेपर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेली सिरिंज या चाचणीसाठी धरली आहे. औषधाच्या दुकानातून आणलेली सिरिंज आधी पट्टीने मोजा. आखूड-जाड सिरिंज वापरली तर उत्तर चुकतं.

आता स्वयंपाकघरात जा. घरचं ताक, घुसळलेलं दही, भाताची पेज, नाचणीची आंबील, मुगाचं कढण, आमटीचं वरचं पाणी, सगळं एकेक करून मोजा आणि तक्ता करा. तासाभरात तुम्हाला कळेल की पेज गरम असताना एक स्तर दाखवते आणि निवल्यावर दुसरा. म्हणून मोजमाप रुग्ण ज्या तापमानाला खाणार त्याच तापमानाला घ्यायचं. पिष्टाने घट्ट केलेलं पेय तोंडात लाळेशी मिसळलं की पुन्हा पातळ होऊ लागतं, हेही लक्षात ठेवा. त्याच उष्ट्या चमच्याने पेला ढवळत राहिलं तर पेल्यातलंही पातळ होतं, आणि घरोघरी ढवळतात तसंच. वरण-भात सगळ्यांना 'मऊ, पचायला हलका' म्हणून सुरक्षित वाटतो. पण पातळ वरणात सुटा भात म्हणजे पाणी आणि शितं अशी दोन रूपं एकाच घासात आली. गिळताना ताबा कमी असलेल्याला हेच जड जातं. तोच भात वरणात एकजीव घोटला, वर पाणी सुटू दिलं नाही, तर गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाच्या स्तर ५ च्या खाण्यातले कण ४ मिलिमीटरच्या आत हवेत. साध्या जेवणाच्या काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण तेवढीच असते.

हा तक्ता म्हणजे उपचार नव्हे. कुणाला काय द्यायचं हे तपासणीनंतर, गरज असेल तर एंडोस्कोपी किंवा बेरियमच्या व्हिडिओ तपासणीनंतर आणि डॉक्टरांशी बोलून ठरतं. घट्ट पेय म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. ते प्यायला कंटाळा येतो आणि माणूस पाणीच कमी पितो. पण 'किती घट्ट करू?' या प्रश्नावर आता तुम्ही सुनेला सिरिंज दाखवू शकता.

अशीच 'सोमवारची गोष्ट' प्रत्येक विषयात शोधायची. आवाजाच्या कार्यशाळेवरून आलात तर 'प्रात' हे आवाज मोजायचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका आणि पहिल्या पाच रुग्णांचा दीर्घ 'आ' ध्वनिमुद्रित करा. स्वमग्नतेच्या कार्यशाळेवरून आलात तर एका आईसोबत दहा मिनिटं जमिनीवर बसून खेळा आणि तिच्या परवानगीने व्हिडिओ घेऊन नंतर तिच्यासोबतच बघा.

पायरी ५: मराठीचा अभ्यास स्वतःच करायचा

बहुतेक कोर्स इंग्रजी भाषेवर उभे असतात, त्यामुळे हा भाग कुणी आयता देत नाही. माझ्या मते मराठी मुलखातल्या थेरपिस्टचं खरं शिक्षण इथे आहे.

आपल्या 'च'चे दोन उच्चार आहेत. 'चार'मधला आणि 'चाक'मधला. 'ज'चेही तसेच: दुनिया या अर्थाचं 'जग' आणि जगणं या अर्थाचं 'जग' लिहायला एक, बोलायला वेगळे. 'झाड' आणि 'झेंडा' म्हणून बघा. 'चमचा' म्हणताना जीभ दातांकडे असते आणि 'चमच्याने' म्हटलं की टाळूकडे जाते. हे मराठी मूल कानानेच शिकतं. आता हिंदीवरून भाषांतर केलेली उच्चार चाचणी घेतली आणि 'चाक'मधला दंत्य 'च' चूक म्हणून खूण केला, तर आपण निरोगी मुलाला थेरपीला बसवलं. उलट, खरोखर सगळेच 'च' दातांवर उच्चारणारं मूल 'चाक, चमचा, चूक' एवढ्याच शब्दांवर तपासलं तर निसटून जाईल. यादीत दोन्ही प्रकार हवेत.

'ळ' आणि 'ण'चं प्रकरण आणखी नाजूक. वऱ्हाडात 'डोळा' हा 'डोया' होतो, आगरी-कोळी बोलीत 'ळ'च्या जागी 'ल' ऐकू येतो, आणि 'पाणी'चं 'पानी' तर निम्म्या महाराष्ट्रात. हे बोलीभेद आहेत, दोष नव्हेत. मूल 'डोया' म्हणालं तर आधी आईला 'डोळा' म्हणायला सांगा. तीही 'डोया' म्हणाली तर पेन खाली ठेवा. शहरात वाढलेल्या थेरपिस्टकडून इथे फार अन्याय होतो, माझ्याकडूनही झाला आहे. चंद्रपूरकडच्या एका मुलाला मी सहा सेशन 'ळ' शिकवत होते. सातव्या सेशनला त्याचे वडील आले आणि तोंड उघडताच माझ्या लक्षात आलं.

म्हैस, कोल्हा, न्हावी, जिव्हाळा यांतले हकारयुक्त ध्वनीही आयात केलेल्या याद्यांत सापडत नाहीत. व्याकरणाचंही तसंच. अफेजियाच्या रुग्णासोबत काम करताना 'ताईने आंबा खाल्ला', 'ताईने पोळी खाल्ली' अशा जोड्या घ्या. मराठीत अशा वाक्यांत भूतकाळातलं क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं, आणि ते रुग्णाला जमतंय का यातून बरंच कळतं. लहान मुलांत 'घोडा'चं 'घोड्याला' होतं का, म्हणजे सामान्यरूप आलं का, ते बघा. इंग्रजी पुस्तकात या जागा नाहीत, कारण इंग्रजीत त्या प्रश्नच नाहीत.

करायचं काय? आपल्या भागातल्या, बोलण्याची काही तक्रार नसलेल्या दहा-पंधरा मुलांचं बोलणं पालकांच्या लेखी संमतीने ध्वनिमुद्रित करा. चित्रांवरून गोष्ट सांगायला लावा. महिन्यातून एक रविवार बसून ऐका आणि लिहून काढा. वर्षभरात तुमच्या तालुक्याचा स्वतःचा नमुना तयार होतो. याला पॉइंट मिळत नाहीत. मला माझ्या व्यवसायात सर्वांत जास्त यानेच शिकवलं.

न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांवर आधारित संवादसाधनं शिकायची असतील तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मराठीत आहे आणि मोफत आहे. आधी स्वतः एक दिवस घरी फक्त त्यावरून बोलून बघा. चहा मागायला किती वेळा दाबावं लागतं ते कळलं की मुलाच्या चिडण्याचा अर्थ लागतो.

पायरी ६: महागडे सर्टिफिकेट कोर्स कधी करायचे

पहिल्या वर्षी नको. एवढंच म्हणून सोडून दिलं असतं, पण दरवर्षी कुणीतरी पहिला पगार हातात पडताच डॉलरमध्ये फी भरून येतं, म्हणून थोडं सांगते.

पार्किन्सनच्या रुग्णांच्या आवाजासाठीचा 'एलएसव्हीटी लाउड' हा चांगला अभ्यासलेला कार्यक्रम आहे. त्यात आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे, रोज तासभर, अशी १६ सेशन असतात. आता तुमचा रुग्ण साठ किलोमीटरवरून एसटीने येतो आणि मुलगा रजा काढून त्याला आणतो. आठवड्यातून चार दिवस येईल का? येणार नसेल आणि ऑनलाइन सेशनची सोयही घरी नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहील. उलट शहरातल्या न्यूरॉलॉजी विभागाशी जोडलेले असाल तर हाच कोर्स वर्षभरात फी वसूल करून देतो.

चित्रांची देवाणघेवाण करून संवाद शिकवणारी 'पेक्स' पद्धत १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिचे सहा टप्पे आहेत आणि ते शिकायला कार्यशाळा उपयोगी पडते, कारण पहिल्याच टप्प्यात दोन मोठी माणसं लागतात आणि मागे बसलेल्याने गप्प राहायचं असतं. वाचून हे साधत नाही. टोरोंटोच्या हॅनन सेंटरचं प्रशिक्षण पालकांना शिकवण्यावर भर देतं. घरात आजी-आजोबा, काकू, सगळेच मुलाशी बोलणारे असतील तर ते आपल्याकडे कसं बसवायचं, याचा विचार मात्र तुम्हालाच करावा लागतो. ऐकण्यावर आधारित थेरपीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र म्हणजे देखरेखीखालचं दीर्घ काम आणि मग परीक्षा. इम्प्लांट झालेली मुलं नियमित येत असतील तरच त्या वाटेला जा.

सहा वर्षांखालच्या अडखळणाऱ्या मुलांसाठीच्या सिडनीच्या 'लिडकम' कार्यक्रमाचं मार्गदर्शक पुस्तक मोफत मिळतं. तिथून सुरुवात करा. त्यात मूल न अडखळता बोललं की आईवडिलांनी कौतुकाचा शब्द टाकायचा असतो. इंग्रजीतला शब्द मराठीत आणायला गेलं तर 'गुळगुळीत बोललास' असं काहीतरी विचित्र होतं. आमच्या ओपीडीत एका आजीने 'कसं सरसर सांगितलंस!' असं म्हटलं आणि आम्ही तेच उचललं.

पायरी ७: फुकटचं वाचन, पण प्रश्न घेऊन

अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या संकेतस्थळावर विषयवार 'प्रॅक्टिस पोर्टल' सगळ्यांना खुलं आहे. ऑस्ट्रेलियातून चालणारं 'स्पीचबाइट' हे उपचारांवरच्या संशोधनाचं भांडार मोफत आहे. 'पबमेड' तर आहेच. पण 'स्वमग्नता' असा शब्द टाकून शोधलं तर हजारो लेख अंगावर येतात. वहीतली नोंद घेऊन जा: 'तीन वर्षांचं, न बोलणारं मूल, आईला शिकवून फायदा होतो का?' महिन्याला एक लेख नीट वाचा. किती मुलं होती, कोणत्या भाषेची, आठवड्याला किती तास थेरपी मिळाली. आठवड्याला वीस तास दिलेल्या कार्यक्रमाचा निकाल आपल्या अर्ध्या तासाला लावायचा नसतो.

रील बघून थेरपी शिकू नका. यावर जास्त बोलत नाही.

पायरी ८: विचारायला माणूस हवा

जिल्ह्यात एकटेच थेरपिस्ट असाल तर हे सर्वांत अवघड. कॉलेजच्या बॅचमधल्या चौघा-पाचजणांचा महिन्यातून एकदा तासभराचा व्हिडिओ कॉल ठरवा. प्रत्येक वेळी एकाने वहीतली एक केस मांडायची. वर्षातून दोनदा एखाद्या अनुभवी सरांना किंवा मॅडमना बोलवा. त्यांना 'सर, मार्गदर्शन करा' असा मोघम मेसेज टाकला की उत्तर येत नाही. 'सर, साडेचार वर्षांची मुलगी आहे, टाळूची शस्त्रक्रिया दीड वर्षाची असताना झाली, प-ब अजून नाकातून येतात. थेरपी चालू ठेवू की सर्जनकडे परत पाठवू?' असं विचारलं तर रात्री अकरालाही फोन येतो.

रुग्णाचा चेहरा दिसणारा व्हिडिओ मोठ्या ग्रुपवर टाकायचा नाही. संमती असली तरी नाही.

पायरी ९: रजा, पैसा, फाईल

नोकरीत असाल तर वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी अर्ज द्या: अमुक विषय, साधारण इतके दिवस, विभागाला फायदा काय. ऐनवेळी मागितलेली रजा नाकारली जाते. मी एका ठिकाणी तीन वेळा नकार घेतला. चौथ्यांदा, परत आल्यावर सगळ्या नर्सिंग स्टाफचं एक तासाचं सत्र घेईन असं अर्जातच लिहिलं, तेव्हा मंजूर झाली. स्वतःचं क्लिनिक असेल तर फी, प्रवास, राहणं यांच्या पावत्या जपून ठेवा आणि हिशेबनीसाला दाखवा.

प्रत्येक प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी स्कॅन करायचं. फाईलला नाव द्यायचं: वर्ष, विषय, पॉइंट. प्रमाणपत्रावर आपलं नाव आणि नोंदणी क्रमांक बरोबर आहे का, ते सभागृहातून निघण्याआधी बघा. नंतर दुरुस्तीसाठी आयोजकांच्या मागे लागणं हा वेगळाच कोर्स आहे. पोर्टलवर पॉइंट दिसायला वेळ लागला तर महिनाभराने ईमेल करा, आणि तोही ईमेल जपून ठेवा.

परदेशी जायचा विचार असेल तर

अमेरिकेत, वर सांगितलेल्या तिथल्या असोसिएशनचं प्रमाणपत्र टिकवायला दर तीन वर्षांत ३० तासांचं शिक्षण लागतं, त्यात व्यावसायिक नीतिमत्तेचा विषय घ्यावाच लागतो, आणि राज्याच्या परवान्याचे नियम वेगळे. ब्रिटनमध्ये तासांचा ठरावीक आकडा नाही. तिथल्या नियामक संस्थेकडे दर दोन वर्षांनी नूतनीकरण होतं आणि त्या वेळी अडीच टक्के लोकांना निवडून त्यांच्याकडे शिक्षणाचा पुरावा मागतात: काय शिकलात आणि त्याने रुग्णांना काय फायदा झाला. अडलेल्या केसची वही तिथे सोन्याच्या मोलाची ठरते.

जाण्याआधी अभ्यासक्रमाची विषयवार प्रत, विद्यापीठाचे गुणपत्रकांचे उतारे आणि क्लिनिकमधल्या तासांच्या सही-शिक्क्याच्या नोंदी इथेच असताना मिळवा, दोन-दोन प्रतींत, बंद पाकिटात. परदेशी पोचल्यावर त्या लागल्या की कॉलेजच्या ऑफिसात धाकट्या भावाला चकरा माराव्या लागतात, आणि तिथले क्लार्कसाहेब नेमके जेवायला गेलेले असतात.